पहिल्या महायुद्धात सुरुंगासाठी बोगदे खणणाऱ्या सैनिकांच्या नोंदींत इतक्या शिक्षा का दिसतात?

कारण त्यातले बरेच जण मुळात सैनिक नव्हतेच. फेब्रुवारी 1915 मध्ये ब्रिटिश बांधकाम कंत्राटदार जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स यांनी मँचेस्टरच्या गटारकामावरचे मजूर उचलले आणि काही दिवसांत थेट फ्रान्सला धाडले. कवायत जवळपास शून्य! कुशल खणणाऱ्याला दिवसाला 6 शिलिंग, साध्या पायदळ शिपायाला जेमतेम 1. त्यामुळे हाताशी पैसा असे. काम मात्र जीवघेणं: फळीला पाठ टेकून पायांनी फावडं चिकणमातीत रोवायचं, तेही आवाज न करता, कारण शत्रूही पलीकडून खणत आणि कान लावून असायचा. वर आल्यावर दारू, विनापरवाना गैरहजेरी, अधिकाऱ्याला उलट उत्तर. शिक्षा म्हणजे पगारकपात, किंवा ‘फील्ड पनिशमेंट नंबर 1’: दिवसातून दोन तासांपर्यंत चाकाला किंवा खांबाला बांधून ठेवणं.

ऑस्ट्रेलियन तुकड्यांत गैरहजेरीची नोंद तर इतकी सर्रास, की एवढ्यावरून कुणाला वाईट सैनिक ठरवणं मला पटत नाही. त्यांच्याच पहिल्या टनेलिंग कंपनीने (बोगदे खणणाऱ्या तुकडीने) बेल्जियममध्ये ‘हिल 60’ या टेकडीखालचे सुरुंग महिनोन्‌महिने सांभाळले, आणि 7 जून 1917 च्या पहाटे 3:10 ला मेसिनच्या लढाईत ते उडवले.