फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्याने विज्ञानकथा आणि फँटसीत कुठून शिरावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: आजवरचं वाचन सगळं ऐतिहासिक कादंबऱ्यांचं. विज्ञानकथा हातात घेतली की शाळेतलं भौतिकशास्त्र आठवतं आणि पुस्तक परत कपाटात जातं. घरी तेरा वर्षांची मुलगी आहे, तिचा हॅरी पॉटर वाचून संपलाय, आणि आता बापलेकींनी मिळून वाचावं असं काहीतरी हवंय. तुम्हीही नागपूरचेच आहात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वाचा. 'यक्षांची देणगी' या त्यांच्या संग्रहात ती मिळेल. बाकी संग्रह नंतर वाचला तरी चालेल.

ही कथा मला कशी सापडली ते सांगते. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरी संक्रांतीला बाबा आणि काका पतंग घेऊन गच्चीवर जायचे. १४ जानेवारी ही पानिपताचीही तारीख, १७६१ सालची. त्यामुळे चक्री माझ्या हातात, आजूबाजूच्या गच्च्यांवरून 'ओ काट'चा ओरडा आणि या दोघांचा दरवर्षीचा ठरलेला वाद, असं सगळं एकदमच चालायचं. बाबा म्हणायचे, "विश्वासरावाला ती गोळी लागली नसती न, तर आपल्या पोट्ट्यांवर इंग्रजीत नापास व्हायची पाळीच आली नसती." काका म्हणायचे, "गोळीचं काय घेऊन बसलास, दादा? पोटात अन्न नव्हतं फौजेच्या." दोघांनाही माघार माहीत नव्हती. सातवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी कूलरसमोर चटई टाकून मी ही कथा वाचली आणि थक्क झाले. आमच्या गच्चीवरचा वाद एका खगोलशास्त्रज्ञाने गंभीरपणे घेतला होता!

कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक मुंबईला जातात आणि त्यांना दिसते ती वेगळीच मुंबई. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. गडबडून न जाता ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन बसतात आणि इतिहासाचे खंड उघडून शोधू लागतात की या जगाची वाट आपल्या जगापासून नेमकी कुठे फुटली. इतिहासाचा अभ्यासक दुसरं काय करणार? तुम्हीही तेच केलं असतं. विज्ञान येतं ते अगदी शेवटी, थोडक्या पानांत, आणि तोपर्यंत तुम्हाला त्याची गरज वाटू लागलेली असते. माझ्या मते चांगल्या विज्ञानकथेची हीच खूण. 'असं झालं असतं तर?' एवढं एकच गृहीत धरायचं आणि मग त्याच्याशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहायचं. पानिपतावर चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला ही सवय असतेच. शीर्षकातला 'पानिपत होणे' हा वाक्प्रचारही विसरू नका, त्यात गंमत आहे.

नारळीकरांची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून बनवलेलं हे नाव. अक्षर कोणी ओळखू नये म्हणून मजकूर पत्नीकडून लिहून घेतला. नाव बघून नव्हे, कथा बघून निकाल लागावा, एवढाच हेतू. पहिलं बक्षीस जगतापांनाच मिळालं. २० मे २०२५ ला नारळीकर गेले, त्या रात्री मी पुन्हा गंगाधरपंतच काढून बसले होते.

त्यांच्या लेखनातली उणीवही सांगते. पात्रं कधीकधी विचार पोचवण्यापुरतीच उभी असतात, त्यांचं घरदार आपल्याला दिसत नाही. पण विचार इतका स्वच्छ मांडलेला असतो की मी तक्रार करत नाही. कथा आवडली तर त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी घ्या. उत्खननात एका अतिप्रगत, नष्ट झालेल्या संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातल्या माहितीवरून माणसं एक महाबुद्धिमान यंत्रमानव घडवतात. वामनाने तीन पावलं मागितली होती, हे लक्षात ठेवून वाचा. आज बुद्धिमान यंत्रांबद्दल जे बोललं जातंय, ते ऐकताना मला ही कादंबरी सारखी आठवते. ती १९८० च्या दशकात लिहिलेली आहे.

इंग्रजी वाचायला हरकत नसेल तर चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' तुमच्यासारख्यासाठीच आहे. इंग्रजी आवृत्ती उघडते ती थेट १९६७ च्या सांस्कृतिक क्रांतीत. एका मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या प्राध्यापक वडिलांचा जीव जातो, आणि त्या जखमेतून पुढे अख्ख्या पृथ्वीचं भवितव्य ठरतं. मधली काही पानं जड आहेत. ती न समजता पुढे गेलात तरी बिघडत नाही, मीही पहिल्यांदा तशीच गेले होते.

नारळीकरांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल यांनीही कादंबऱ्या लिहिल्या. 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७) मध्ये वायूचा एक प्रचंड ढग सूर्याला झाकतो, पुढचं सांगत नाही. आर्थर क्लार्कची 'रॉन्देव्हू विथ रामा' (१९७३) छोटी आणि सोपी आहे. सूर्यमालेत एक अजस्र नळकांडं शिरतं. ग्रीक-रोमन देवांची नावं संपल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवांकडे वळलेले असतात, म्हणून त्याचं नाव राम. ही वाचून झाली की मुलीला घेऊन गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण बघून या.

ॲसिमॉव्हचं 'फाउंडेशन' सगळे पहिलं म्हणून सुचवतात. मी नाही सुचवणार. पात्रं बदलत राहतात, संवादच संवाद आहेत, नवा वाचक थकतो. वर्षभराने घ्या.

आता फँटसी. मराठीत फँटसी नाही असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं, कारण जी. ए. कुलकर्णी आहेत. 'रमलखुणा' (१९७५) मध्ये 'प्रवासी' आणि 'इस्किलार' अशा दोनच दीर्घकथा आहेत. कुठल्याच नकाशावर नसलेली नगरं, कुठल्याच पंचांगात न बसणारा काळ. जाणकार त्यांना रूपककथा म्हणतात आणि मग प्रत्येक वाक्याचा अर्थ लावत बसतात. तुम्ही पहिल्या वाचनात तसं करू नका. गोष्ट म्हणून वाचा, वाळवंटातून चाललेल्या माणसाबरोबर चाला. अर्थ त्याच्या वेळेला येतो. मुलीला मात्र जी.ए. इतक्यात देऊ नका, त्यातला एकटेपणा तेराव्या वर्षी झेपायचा नाही.

तिच्यासाठी, आणि दोघांनी मिळून वाचायला, उर्सुला ले ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८). इथेही जादू शिकवणारी शाळा आहे, पण हॅरी पॉटरच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची. या जगात प्रत्येक वस्तूला, प्रत्येक माणसाला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची सत्ता चालते. म्हणून खरं नाव फक्त जिवाभावाच्या माणसालाच सांगायचं. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते न? मी हे पुस्तक वाचताना मला सारखं तेच आठवत होतं. नायक गेड याला त्याचं खरं नाव मिळतं ते बरोबर तेराव्या वर्षी. तो तांबूस-काळसर वर्णाचा आहे, ले ग्विनने हे जाणूनबुजून केलं होतं. घमेंडीत त्याच्या हातून एक भयंकर चूक होते आणि त्या चुकीची सावली त्याच्या मागे लागते. पुस्तक लहान आहे, वाक्यं मोठ्याने वाचावीत अशी आहेत. रोज रात्री एक प्रकरण तुम्ही वाचा, एक तिला वाचू द्या.

तिला मराठीतूनच हवं असेल तर भा. रा. भागवतांनी आणलेला ज्यूल व्हर्न शोधा. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे नाव बघा! धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणणारी मराठी तिच्या कानावर पडली पाहिजे. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने आहे. तो मोठा आहे, पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवा.

जुनी मराठी पुस्तकं मिळायला वेळ लागतो. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात आधी विचारा, मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांत बघा. 'यक्षांची देणगी' कुठेच नाही मिळालं तर इथेच लिहा, माझ्याकडे दोन प्रती आहेत. त्यातली बाबांची मी कोणाला देत नाही, कारण गंगाधरपंतांच्या गोष्टीच्या समासात त्यांनी पेन्सिलीने काकांना उत्तरं लिहून ठेवलीत. दुसरी तुमची.