आत्महत्येविषयी विचारलं तर तो विचार मनात भरेल का?

गोव्यातल्या डिचोलीकडची एक बाई नवऱ्याविषयी बोलायला माझ्याकडे आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तो खनिज वाहतुकीचा टिप्पर चालवायचा. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाणी बंद पडल्या आणि हप्ते थकले. पुढे मिळेल ते काम केलं, पण माणूस सावरला नाही. आता जेवण अर्ध्यावर सोडायचा, रात्रभर सोप्यात बसून राहायचा. एकदा म्हणाला, "मी नसलो तर तुमचं बरं चालेल."

"मॅडम, विचारू कसं? त्यांच्या मनात नसेलच तर मीच भरवून दिल्यासारखं होईल."

ही भीती मी सतत ऐकते. थेट विचारल्यामुळे आत्महत्येचा विचार बळावतो, असं आजवरच्या संशोधनात दिसलेलं नाही. उलट, कोणीतरी विचारलं याचाच अनेकांना आधार वाटतो.

मात्र कसं विचारतो, याला महत्त्व आहे. "असलं काही करणार नाही ना?" या प्रश्नाला 'नाही' एवढंच उत्तर मिळतं. मुलांची शपथ घातली तर तोंड आणखीच मिटतं. आम्ही दोघींनी वाक्य ठरवलं: "अहो, जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?" विचारायचं आणि थांबायचं. रडू नका असं मी तिला सांगितलं नाही. फक्त रागावू नका, एवढंच सांगितलं.

तिने विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग "कधी कधी वाटतं" म्हणाला आणि पहाटेपर्यंत कर्जाविषयी बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "बाहेर सांगू नको, पोलिसांचं लचांड मागे लागेल."

तिने लगेच 14416 लावला. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली मानस सेवा, 10 ऑक्टोबर 2022 पासूनची. मोफत, दिवसरात्र, आणि घरच्यांनाही फोन करता येतो. मनात विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न केलेल्या माणसालाही 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 तीव्र तणावाखाली असलेला मानतं आणि त्याच्यावर उपचार, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं. हे नवऱ्याला मी स्वतः समजावलं, तेव्हा त्याचे खांदे सैल झाले.

बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं नाव काढताच मात्र दोघं दचकली. आपल्याकडे 'बांबोळीला नेलं' म्हटलं की लोक वेडच समजतात. ही समजूत किती घरांना उपचारापासून लांब ठेवते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शेवटी दोघं तिथे बाह्यरुग्ण विभागात गेली. नैराश्याचं निदान झालं, औषधं सुरू झाली. बँकेत हप्ते बदलून घ्यायला मेहुणा सोबत गेला. हाही उपचारच, असं मी मानते. त्याला आता झोप लागते. वाईट दिवस अजून येतात, पण तो ते बायकोला सांगतो.

आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू 2030 पर्यंत 10 टक्क्यांनी कमी करायचे, असं 2022 च्या राष्ट्रीय धोरणात म्हटलंय. त्यासाठी कीटकनाशकांसारखी साधनं सहज हाती लागू नयेत, यावरही भर आहे. घरात हे आजच करता येतं: फवारणीची औषधं कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवा. आणि उत्तर 'हो' आलं, वर कसं, कधी हेही त्याने ठरवलेलं असेल, तर त्याला एकटं सोडू नका. 108 ला फोन करा आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळ बसा.