एका रात्रीचं नाटक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू वही घेऊन आलास. मुंबईचं नाटक एका रात्रीसाठी इंदूरला आणायचं आणि तिकीट २०० रुपये ठेवायचं, असं म्हणालास. तळमळ आवडली. हिशेब पटला नाही, म्हणून लिहितोय.

नाटकाचा खर्च उतरत नाही, बाळा. पाच नटांच्या अडीच तासांच्या नाटकाला तीस वर्षांपूर्वीही पाच नट आणि अडीच तासच लागत होते. कारखान्यात तेवढ्याच माणसांच्या हातून दुप्पट माल निघतो, म्हणून पगारवाढ पेलते. रंगभूमीवर नाइट, म्हणजे नटाचं दर प्रयोगाचं मानधन, वाढते, काम तेवढंच राहतं. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ सालीच हे मांडलं. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, तेव्हा २०० वर अडून राहू नकोस.

मग इंदूरला नाटक परवडतं कसं? सानंद या इथल्या मराठी संस्थेकडे बघ. सभासदांचे ५ गट. त्यांत राहुल बारपुते, मामा मुजुमदार, रामूभैया दाते यांच्या नावांचे तीन. शनिवार-रविवारात एकाच नाटकाचे ५ प्रयोग. समज, सेटचा ट्रक, मंडळींचा प्रवास आणि मुक्काम मिळून २ लाख झाले. एकाच प्रयोगावर पडले तर कंबरडं मोडेल. पाचांवर पडले की प्रयोगाला ४० हजार. नाइट दर प्रयोगाची वेगळी, ती वहीत स्वतंत्र लिही. आणि सभासदांची वर्गणी आधीच हातात असते, हे तर फार मोठं.

पण पाच प्रयोगांचं मोल मला कळलं ते प्रेक्षागृहात बसून. एकदा एकच नाटक शनिवारी आणि रविवारीही पाहिलं. पुण्याच्या पेठांवरचा एक विनोद होता. आपल्या घरांतली मराठी माळव्याच्या हिंदीत मुरलेली, त्यामुळे तो पोचायला क्षणभर उशीर व्हायचा. शनिवारी दुपारी नट पुढचं वाक्य बोलून गेला आणि हशा त्याखाली दबला. रविवारी रात्री तोच नट तिथं थांबला. नुसता उभा राहिला. मागच्या रांगेपासून हशा उठला आणि रंगमंचापर्यंत आला. त्या थांबण्यासाठी मी अजून नाटकाला जातो.

तुझ्या एका रात्रीत नटाला आपण उमगायच्या आत ट्रक भरला जाईल.

तेव्हा आधी घरं गाठ. रविवारी सकाळी दहाला ये, वर्गणीचं पुस्तक घेऊन. माझ्या गल्लीपासून सुरुवात करू, मी बरोबर येतो.

तुझा,
काका