आमचा बोका शेजारी रमलाय

"शेजारच्या आंटीने आमच्या बोक्याला लळा लावून आपला करून घेतलाय. बोलले तर भांडण, गप्प बसले तर तो परतायचा नाही."

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका वाड्यावरच्या बाई हे गाऱ्हाणं घेऊन आल्या, तेव्हा श्रावण चालू होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत; बोक्याला सोन्या म्हणू.) मांजरासाठी समुपदेशकाकडे यावं लागलं म्हणून त्या ओशाळल्या होत्या. गडग्यावरून (कुंपणाच्या भिंतीवरून), विहिरीवरून, आंब्याच्या फांदीवरून दोन घरांचं बोलणं तुटतं, तसंच ते बोक्यावरूनही तुटतं.

सोन्या पाच वर्षांचा, खच्ची केलेला. जूनपासून तो संध्याकाळी जायचा आणि सकाळी उगवायचा. जुलैत बाईंनी त्याला खोलीत कोंडलं. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी अडली, कॅथेटर घालावा लागला आणि डॉक्टरांनी मूत्रखड्याचं पथ्याचं खाणं लावून दिलं. ताण हे बोक्यांच्या मूत्राशयाच्या दुखण्याचं एक ओळखीचं कारण आहे. मोकळं फिरणारं मांजर एकदम कोंडलं की नेमकं तेच अंगावर येऊ शकतं.

बाईंचा राग आंटीवर होता, पण आधी बघायचं होतं ते सोन्या घर का सोडतो हे. त्यासाठी दहा दिवसांची वही ठेवायला सांगितली: किती वाजता गेला, किती वाजता आला, काय आणि किती खाल्लं, शू केली की नाही. वहीत शूचा रकाना जवळजवळ रिकामाच राहिला. घरातला ट्रे वॉशिंग मशीनच्या शेजारी होता. मशीन गरगरलं की सोन्या पळायचा. एरवी तो परसातल्या मातीत जायचा, पावसात तिथे चिखल. आंटीच्या लाकडांच्या खोपीत मात्र कोरडी राख. म्हणजे तो आधी गेला शूला, जेवणाचं आमंत्रण नंतर मिळालं.

ते आमंत्रणही बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यात श्रावण, म्हणजे चवथीपर्यंत बाईंच्या चुलीवर नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, वास नाही. आंटीकडे पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके बांगडे आणि सुंगटां (कोळंबी). कुठला बोका नाही म्हणेल? पण खारवलेल्या सुक्यात मीठ आणि खनिजं भरपूर, आणि पथ्याच्या खाण्याबरोबर दुसरं काही पोटात गेलं की पथ्य उपयोगाचं राहत नाही.

याच वेळी कागदी पट्ट्याचा प्रयोग केला. मांजर आणखी कुठे जातं हे कळत नसेल, तर हा सगळ्यात स्वस्त उपाय. दोन सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर लांब साध्या कागदाची पट्टी. मजकूर बॉलपेनने, कारण शाईचं पेन पावसात पसरतं, देवनागरीत आणि रोमीतही: "मी तुमच्याकडे जेवतो का? माझं औषध चालू आहे, कृपया फोन करा." खाली नंबर. दोन बोटं आत जातील इतकी सैल ठेवून टोकं चिकटपट्टीने जोडायची, म्हणजे कुठे अडकली तर फाटते. दोरा किंवा रबर बँड कधीच नको. "आमचं मांजर पळवू नका" असलं काही लिहिलं की फोन येत नाही. इथे फोन आला तो मागच्या घरातल्या कॉलेजच्या मुलाचा. तिथे सोन्या रोज सकाळी वाटीभर दूध प्यायचा. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, त्याच्या पातळ शीचा उलगडा तिथे झाला. "आंटीने पळवला" या वाक्यातली हवाही थोडी गेली.

मग आंटीशी बोलणं. त्याची दोनदा तालीम केली. वेळ दुपारची झोप झाल्यावर चारची, जागा आंटीचा बाल्कांव (घरापुढची बसायची ओसरी), बरोबर तिसरं माणूस नाही. वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अक्षर नाही; तिथे पडलेलं वाक्य परत घेता येत नाही. सुरुवात, अर्थात कोकणीतून, अशी: "आंटी, सोन्या तुमच्याकडे येतो ना? त्याला खड्याचा त्रास आहे आणि पथ्य मला एकटीला सांभाळता येत नाही." "तुम्ही त्याला सवय लावली" हे वाक्य बाईंच्या ओठावर होतं, ते घरीच ठेवायला लावलं. आंटीचा मुलगा बोटीवर, घरात ती एकटी. सोन्याला ती 'राजा' म्हणते, हे ऐकून बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

ठरलं ते असं. चार किलोच्या सोन्याला डॉक्टरांनी दिवसाला पन्नास ग्रॅम सांगितलं होतं. पस्तीस ग्रॅम बाईंकडे, पंधरा संध्याकाळी आंटीकडे. दर रविवारी एकशे पाच ग्रॅमचा डबा आंटीकडे पोचतो. सुकं बंद, दूध बंद. औषध, लस, जंतांची गोळी एकाच घरातून, नाहीतर दुप्पट होते. पिसवांचं कुत्र्यासाठीचं औषध मांजराला कुणीच लावायचं नाही. अशा काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर उठतं. घरातला ट्रे मशीनपासून हलवला आणि दुसरा एक वाढवला, पाच सेंटिमीटर रेती, दिवसातून दोनदा साफ.

दोन घरांच्या मांजरात सगळ्यात घातक गोष्ट ही की प्रत्येक घराला वाटतं, शू दुसरीकडे झाली असेल. बोका पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर; उद्यावर टाकलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून रोज एकमेकींना कळवायचं.

शेजारी ऐकतच नसेल तर? लसीचं पुस्तक आपल्या नावावर, अंगावरच्या खुणांचे फोटो, खांद्यांच्या मधोमध कातडीखाली पंधरा अंकी ओळख-क्रमांकाची मायक्रोचिप, एवढी तयारी आधी हवी. पोलिसांत जाण्याची घाई नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे, पण त्यात अप्रामाणिक हेतू लागतो. अंगणात मासळी टाकणं त्यात बसत नाही. मांजर दुसऱ्याचं आहे हे माहीत असून कोंडून ठेवलं, तर गोष्ट वेगळी.

सोन्या अजूनही आठवड्यातून तीन-चार रात्री खोपीतच झोपतो. बाईंना ते टोचतं, आणि त्या तसं म्हणतातही. संध्याकाळी सातच्या सुमाराला गडग्यापलीकडून हाक येते, "आयज दोनदां मुतलो गो!" (आज दोनदा मुतला गं!) बाई वहीत लिहून ठेवतात.