नवजात बाळाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो राखेसारखा मळकट का दिसतो? काय सुधारावं?

आधी मामा झाल्याबद्दल अभिनंदन. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत बहिणीला मुलगी झाली, आज नववा दिवस. कॅनन १५००डी आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स घेऊन तुम्ही माजघरात ट्यूब लावून फोटो काढले. रंगीत फोटोत बाळ लाल-पिवळं दिसतंय म्हणून ब्लॅक अँड व्हाइट केलं, तर गालावर डाग उमटले आणि सगळा फोटो राख फासल्यासारखा झाला. आता कुठलं ॲप घ्यावं, कुठला फिल्टर लावावा?

ॲप तुमच्याकडे आहे तेच राहू द्या. आधी ती ट्यूब बंद करा.

मी बेळगावात शहापूरला राहतो. वडिलांच्या डार्करूममध्ये लाल बल्बखाली उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद ट्रेमध्ये हलवत हा धंदा शिकलो, आणि आता बारशी, जावळं, लग्नं करत फिरतो. तुमच्यासारखा राखाडी फोटो मीही पुष्कळ वर्षं काढला. कारण कळलं तेव्हा स्वतःचाच राग आला, इतकं ते साधं होतं. बाळ उताणं निजलेलं असतं, म्हणजे त्याचं तोंड छताकडे. ट्यूबही वरच. म्हणजे मोठ्या माणसाला समोरून फ्लॅश मारावा तसाच प्रकार झाला. नाकाला सावली नाही, गालाला गोलाई नाही, ओठाखालची खळी नाही. रंगीत फोटोत निदान दुपट्याचा गुलाबी आणि अंगाचा लाल वेगळे दिसतात. रंग काढून घेतला की फक्त उजेड आणि सावली शिल्लक राहते, आणि तुम्ही सावली घेतलेलीच नव्हती. मग फिल्टर बिचारा कुठून आणणार?

तर खिडकी शोधा. माजघरात नसेल तर सोप्यात या. सकाळची आंघोळ आणि दूध झालं की बाळ गाढ झोपतं, तेवढी वीस मिनिटं आपली. आज्जी "वारं लागंल" म्हणणारच, आणि तिचं खरंही आहे. नवजात बाळाचं अंग भराभर थंड पडतं. पंखा बंद, समोरासमोरची दारं बंद, आणि खोली इतकी उबदार की तुम्हाला शर्टात घाम यावा. मात्र ऊब यावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तो वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि जिवावर बेततो. धुरीच्या धुरात उन्हाची तिरीप सुंदर दिसते हे मला माहीत आहे, पण तो फोटो मी काढत नाही.

आता बाळ कसं ठेवायचं ते नीट वाचा, अर्धं काम इथंच आहे. डोकं खिडकीकडे, पाय खोलीत, आणि अंग जरा तिरकं. उजेड कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीकडे उतरला पाहिजे. पाय खिडकीकडे केले की तोच उजेड हनुवटीखालून नाकपुड्यांत शिरतो आणि गोंडस पोर भुतासारखं दिसतं. लहानपणी हनुवटीखाली बॅटरी धरून आपण भावंडांना भिववायचो, तसं. खिडकीपासून दोन-तीन फूट अंतर ठेवा. अगदी चिकटून ठेवलं तर एक गाल पांढराफटक आणि दुसरा काळाकुट्ट येतो. थेट ऊन येत असेल तर खिडकीला आजोबांचं पांढरं धोतर टांगा. अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा. तो जवळ-लांब करत गेलात की सावली किती गडद हवी ते तुमच्या हातात येतं. आपल्याकडच्या घरांत हिरव्या-निळ्या ऑइलपेंटच्या भिंती असतात. तसल्या भिंतीला खेटून बाळ ठेवू नका, तिचा रंग गालावर चढतो.

पावसाळ्यात खानापूरकडे दिवसा अकरालाही दिवा लावावा लागतो, तेव्हा मी सरळ आयएसओ (कॅमेरा कमी उजेडात किती टिपतो त्याचा आकडा) १६०० वर नेतो. दाणे येतात, येऊ देत. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते फिल्मच्या दाण्यासारखे खपून जातात. हललेला फोटो खपत नाही. शटर (फोटो टिपायला लागणारा वेळ) १/२०० सेकंदापेक्षा हळू शक्यतो नको.

तुमची ५० एमएम लेन्स चांगली आहे, पण एफ १.८ वर (म्हणजे लेन्सचं तोंड सगळ्यात मोठं उघडून; आकडा वाढला की तोंड लहान होतं) बाळाच्या चेहऱ्यापासून दोन फुटांवर धरलीत तर जेमतेम एक सेंटीमीटर खोलीच शार्प येते. पापणी आली तर नाक गेलं. तुमचे निम्मे फोटो 'धुरकट' वाटतात त्याचं एक कारण हेही असणार. एफ ४ वर या, जवळच्या डोळ्याच्या पापणीवर फोकस धरा. एकटी बोटं, कान किंवा टाळूवरची लव काढायची असेल तेव्हा खुशाल एफ १.८. मोबाईलवर काढत असाल तर ब्युटी मोड बंद करा आणि २एक्स वापरून थोडं मागे सरा. साध्या रुंद लेन्सने जवळ गेलं की नाक फुगतं.

मांडणीसाठी बाजारातलं काही आणू नका. घरात सूप आहे, बुट्टी म्हणजे टोपली आहे, आज्जीची वाकळ आहे. बुट्टी जमिनीवरच ठेवायची, तळाशी जड काहीतरी घालून वर मऊ दुपटं, आणि एक बाईमाणूस हात लांब करून पोचेल इतकी जवळ बसलेली. मागे अंतरावर काळं घोंगडं टांगलं तर स्टुडिओचे पडदेही लाजतील. पण ते बाळाखाली अंथरू नका, टोचतं. दोन्ही हातांवर हनुवटी टेकवलेलं बाळ तुम्ही इंटरनेटवर पाहिलं असेल. ते दोन फोटो जोडून केलेलं असतं. प्रत्येक फोटोत कुणीतरी डोकं किंवा हात धरलेला असतो आणि तो हात नंतर पुसतात. घरी करून बघण्याची गोष्ट नव्हे.

आता डागांचं. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा उजेड शोषतं आणि लाल परतवतं. रंगीत फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा बनतो, त्यांना चॅनेल म्हणतात. म्हणून बाळाच्या अंगावरचे लालसर चट्टे फोटोच्या हिरव्या चॅनेलमध्ये काळपट दिसतात, लाल चॅनेलमध्ये जवळपास नाहीसे होतात. साधा ब्लॅक अँड व्हाइट करताना नेहमीच्या सूत्रात हिरव्याला जवळजवळ ५९ टक्के वजन असतं, लालला ३० आणि निळ्याला ११. म्हणजे डाग दाखवणारा चॅनेलच मुख्य! कावीळ असेल तर निळ्यात आणखी गोंधळ, कारण काविळीतलं बिलिरुबिन निळा उजेड शोषतं. दवाखान्यात बाळाला निळ्या उजेडाखाली ठेवतात ते याचसाठी. (नवव्या दिवशीही पिवळेपणा ठळक असेल, पायापर्यंत उतरला असेल, तर फोटो राहू दे, डॉक्टरांना दाखवा की. एडिटिंगने पिवळं जातं ते फक्त कागदावर.)

म्हणून फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाईल, जेपीजी नव्हे) काढा, रंगीतच. कॅमेऱ्यात पिक्चर स्टाईल मोनोक्रोम ठेवलीत तर मागच्या पडद्यावर ब्लॅक अँड व्हाइट दिसतं आणि रॉ फाईलमध्ये रंग शाबूत राहतात. काढतानाच उजेड ओळखायला याचा फार उपयोग होतो. नुसत्या जेपीजीवर मोनोक्रोम लावलंत तर रंग गेले ते गेलेच. लाईटरूम या एडिटिंगच्या ॲपमध्ये सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) उणे १०० वर ओढू नका. ब्लॅक अँड व्हाइट निवडा आणि रंगांच्या मिक्समध्ये ऑरेंज १५ ते २५, रेड १० ते २० वाढवा. चट्टे विरताना डोळ्यांनी दिसतील. स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइटच्या आत रंगीत फिल्टर आहेत, त्यातला नारिंगी घ्या. लाल फिल्टरचा मोह नको, ओठच गायब होतात आणि चेहरा खडूचा होतो. रेड वाढवल्यावर ओठ फिके पडले तर ब्रशने तेवढेच जरा गडद करा. डार्करूममध्ये आम्ही बाकीच्या कागदावर हाताने सावली धरून हेच करायचो, फक्त एकदा चुकलं की कागद वाया.

मग काळा खरा काळा करा. पापण्या, जावळ, मुठीच्या आतली घडी, यातलं काहीतरी पूर्ण काळं असलं पाहिजे. तुमच्या फोटोत सगळंच मधल्या राखाडीत अडकलंय. मात्र कॉन्ट्रास्टची पट्टी एकदम ओढू नका, डाग परत वर येतील. ब्लॅक्सची पट्टी खाली घ्या, चेहऱ्यावर हलका ब्रश मारून उजेड वाढवा, दुपट्याचा पांढरा थोडा दाबा. फोटोत सगळ्यात उजळ चेहरा हवा, दुपटं नव्हे. टेक्स्चरची पट्टी (कातडीचा बारीक पोत) उणे १० पर्यंत ठीक. त्याच्या पुढे गेलात तर बाळ मेणाचं दिसतं. पहिल्या पंधरवड्यात कातडीचे पापुद्रे निघतातच, ते सगळे पुसायची गरज नाही. आणि सगळं काळं-पांढरं ठेवून फक्त टोपडं गुलाबी, हा प्रकार कृपा करून नको.

एक चूक माझी सांगतो. एका बारशाच्या फोटोत बाळाच्या गालावरची तीट मी डाग समजून साफ करून दिली. आज्जीनं फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "तीट कुठं हाय?" मी म्हटलं, पुसली. ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरातून काजळाची डबी आणून तिनं माझ्या देखत फोटोवरच बोट टेकवलं. आता ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तीट मी मुद्दाम ठळक ठेवतो, दिसतेही झकास. डोळ्यांतलं काजळ मात्र टाळायला सांगतो. डॉक्टरही नको म्हणतात, आणि फोटोत डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात.

आणखी एक, चेहरा उजळ आणि चेहरा गोरा यात घोळ करू नका. मराठी गिऱ्हाईक "जरा गोरं करा" म्हणतं, कन्नड गिऱ्हाईक "स्वल्प बेळ्ळग माडरी" म्हणतं, मागणी एकच. सावळ्या बाळाचे करडे टोन इतके सुरेख उतरतात की ते धुऊन टाकणं म्हणजे हातानं फोटो मारणं. मी आता मान हलवतो आणि जसं आहे तसंच देतो. आजवर एकानेही परत आणलेला नाही.

छापताना लॅबला मॅट कागद सांगा, आणि आधी एकच ४ बाय ६ ची कॉपी काढा. रंगीत कागदावर ब्लॅक अँड व्हाइट छापलं की कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते. दुकानातल्या दिव्याखाली ती कळत नाही. ती कॉपी घरी आणून ज्या खिडकीत फोटो काढला त्याच खिडकीत धरून बघा, झाक दिसली तर परत लावून द्या, आणि मगच मोठी छापा.