छोट्या ग्रंथालयात बारकोड स्कॅनरऐवजी मोबाईलचा कॅमेरा चालेल का?

चालेल. तुमची पुस्तकं दोन-तीन हजार आहेत, स्कॅनर घ्यायला सध्या पैसे नाहीत आणि पुस्तकामागचा छापील बारकोडच मोबाईलने स्कॅन करून देवघेव करायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मीही अशाच एका छोट्या ग्रंथालयाचं काम बघते. मोबाईलची मला काळजी वाटत नाही, छापील बारकोडची वाटते.

मागच्या कव्हरवरचा १३ अंकी बारकोड म्हणजे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आणि तो आवृत्तीचा असतो. एकाच आवृत्तीच्या चार प्रती घेतल्या असतील तर चारही प्रतींवर तोच आकडा. मग कोणती प्रत कोणत्या वाचकाकडे गेली, हे कॉम्प्युटरला कळणार कसं? शिवाय १९७० च्या आधीच्या पुस्तकांवर तो बहुधा नसतोच. मासिकांवरचा बारकोड ९७७ ने सुरू होतो, तो वेगळा. आणि २ ने सुरू होणारं स्टिकर दिसलं तर ते बहुतेक दुकानदाराचं स्वतःचं असतं, आपल्याला निरुपयोगी.

म्हणून छापील बारकोड फक्त नोंद करताना वापरा. ९७८ किंवा ९७९ ने सुरू होणारा आकडा स्कॅन केला की नाव, लेखक, प्रकाशक बऱ्याचदा आयते भरले जातात. लहान प्रकाशकांच्या पुस्तकांची माहिती मात्र हातानेच भरावी लागते.

देवघेवीसाठी प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांकाचं, म्हणजे ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेल्या क्रमांकाचं, स्वतःचं लेबल हवंच. क्यूआर कोड मोबाईल पटकन वाचतो, तरी मी कोड १२८ हा उभ्या रेषांच्या बारकोडचा प्रकारच सुचवेन, कारण पुढे साधी लेझर गन, म्हणजे हातात धरायचा स्कॅनर, घेतलीत तर ती क्यूआर वाचत नाही. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी पांढरी जागा सोडा आणि खाली आकडाही छापा. प्रिंट काढताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून १०० टक्के आकारातच काढा. लेबल पुस्तकाच्या कण्यावर लावू नका. तिथे ते वळतं आणि कॅमेऱ्याला रेषा नीट दिसत नाहीत. वरून चकचकीत सेलोटेप लावली की ट्यूबलाइटचा उजेड नेमका रेषांवर पडतो. अशा वेळी मोबाईल थोडा तिरका धरा, आणि फार जवळ नेऊ नका. फोकस होत नसेल तर मागे घ्या.

मोबाईलमधला आकडा कॉम्प्युटरवर नेण्यासाठी कीबोर्डसारखं काम करणारी ॲप्स मिळतात. त्यात स्कॅननंतर आपोआप एंटर जाण्याची सोय सुरू करा, नाहीतर प्रत्येक पुस्तकाला माउस धरावा लागतो. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मोबाईलच्या ब्राउझरमध्येच उघडून स्कॅन करणार असाल तर पत्ता एचटीटीपीएस असायला हवा. साध्या एचटीटीपी पत्त्यावर ब्राउझर कॅमेराच उघडू देत नाही, आणि लोक मोबाईलला दोष देत बसतात.

यादी एक्सेलमध्ये घेणार असाल तर आधी आकड्यांचा कॉलम 'टेक्स्ट' करून ठेवा. तसं केलं नाही तर ०००४१७ चं ४१७ होतं, आणि १३ अंकी आयएसबीएन ९.७८ई+१२ असा दिसायला लागतो. अशी फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह झाली की मूळ आकडा गेलाच.

मोबाईलची खरी मजा ग्रंथपडताळणीत, म्हणजे कपाटातली पुस्तकं यादीशी ताडून बघण्यात, आहे. वायरचा स्कॅनर टेबलाला बांधलेला. मोबाईल घेऊन तुम्ही कपाटापाशी उभ्या राहता आणि एकामागून एक लेबलं स्कॅन करत जाता. लेबल मागच्या कव्हरवर कण्याकडच्या वरच्या कोपऱ्यात असेल तर पुस्तक पूर्ण काढावंही लागत नाही, अर्धं ओढलं की पुरे. ती यादी फाइल म्हणून काढायची. कोहासारख्या ग्रंथालयाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पडताळणीसाठी बारकोडची फाइल थेट चढवता येते.

देवघेवीच्या टेबलावर मात्र गर्दीच्या वेळी मोबाईल कंटाळा आणतो. फोकसला क्षणभर लागतो, मध्येच फोन येतो, बॅटरी उतरते. शक्य असेल तर घरी पडून असलेला जुना मोबाईल, सिम काढून, फक्त याच कामाला ठेवा. रोजची देवघेव वाढली की पहिली खरेदी गनची करा.

सगळी लेबलं एकदम छापू नका. एका कपाटापुरती छापा, चिकटवा, आणि संध्याकाळच्या उजेडात तुमच्या त्याच मोबाईलने वाचून बघा. पटापट वाचली गेली तरच पुढची शीट काढा.