कोळी चावला तर? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आम्ही नुकतेच सिडनीच्या उत्तर भागात राहायला आलो. शेजारी सांगतात, बाहेर ठेवलेले बूट झटकल्याशिवाय घालू नका. मुलगा चार वर्षांचा आहे. खरंच इतकी भीती आहे का?

शेजाऱ्यांचं ऐका. तुमच्या भागात फनेल-वेब नावाचा काळा, तुकतुकीत कोळी असतो आणि जगातल्या सर्वांत विषारी कोळ्यांत तो मोडतो. मादी बिळात राहते. नर मात्र उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, मादीच्या शोधात रात्री भटकतो आणि बुटात, कपड्यांच्या ढिगात शिरतो. नराचं विष मादीपेक्षा जास्त घातक असतं. ते नसांना सतत चेतवत ठेवतं. तोंडाभोवती मुंग्या येतात, घाम आणि लाळ सुटते, स्नायू फडफडतात, पुढे फुफ्फुसांत पाणी भरतं. लहान मुलांमध्ये हे सगळं फार झपाट्याने होतं. कुत्र्या-मांजरांना हे विष फारसं बाधत नाही, माणसाला आणि माकडांना मात्र बाधतं.

आता धीर देणारी बाजू. ऑस्ट्रेलियन संशोधक स्ट्रुअन सदरलँड यांच्या चमूने तयार केलेलं प्रतिविष 1981 मध्ये वापरात आलं. त्याआधी 13 मृत्यूंची नोंद आहे, त्यानंतर एकही नाही. त्यासाठी लागणारं विष सिडनीच्या उत्तरेला असलेल्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये काढतात, आणि लोक स्वतः कोळी बरणीत पकडून तिथे नेऊन देतात. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

दंश झालाच तर 000 या तिकडच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. चावलेल्या जागेपासून सुरुवात करून अख्ख्या हाताला किंवा पायाला रुंद क्रेप बँडेज घट्ट गुंडाळा, आधाराला लाकडी पट्टी बांधा आणि मुलाला अजिबात चालवू नका. बँडेज इस्पितळातच सुटेल.

प्रश्न : पाठीवर लाल पट्टा असलेला कोळीही तिकडे असतो ना? त्यालाही असंच बँडेज?

नाही. तो रेडबॅक. त्याच्या दंशाने तासन्‌तास वेदना होतात, घाम येतो, पण विष सावकाश पसरतं. घट्ट बांधलं तर दुखणंच वाढतं. बर्फाने शेका आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखा पट्टा दिसला. घरचे म्हणतात, कोळी अंगावरून गेला. (सातारा)

बहुतेक वेळा यात कोळ्याचा काही संबंध नसतो. ट्यूबलाइटकडे येणारा काळा-नारिंगी, मुंगीएवढा किडा अंगावर चिरडला की त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडी अशी पोळते, आणि तेही एक-दोन दिवसांनी. तो दिसला तर चिरडू नका, फुंकून उडवा; द्रव लागलाच तर साबणाने धुवा. पुरळ शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्याने उठून आग होत असेल, तर ती नागीण असू शकते. तिची औषधं पहिल्या 72 तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात, म्हणून घरगुती लेपांत दिवस घालवू नका.

प्रश्न : कोकणात मोठा केसाळ कोळी चावला, तर सापाचं इंजेक्शन घ्यावं का?

मुळीच नको. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर बनवलेलं असतं. कोळ्याच्या विषावर ते चालत नाही आणि त्याची तीव्र ॲलर्जी मात्र येऊ शकते. सह्याद्रीतल्या या मोठ्या कोळ्यांच्या दंशाने सूज येते, खूप दुखतं, कधी स्नायूंना पेटके येतात. जखम साबण-पाण्याने धुवा, वेदनाशामक घ्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. पेटके वाढले किंवा श्वास लागला तर थेट इस्पितळ गाठा. ब्लेडने जखम चिरणं, रक्त चोखणं हे प्रकार कुणालाही करू देऊ नका.